पुण्याएवढ्या उंचीवरची थंडी

इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टचा सर्वांत उंच डोंगर म्हणजे किंडर स्काउट. त्याची उंची ६३६ मीटर. पुणे शहरच समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर वसलेले आहे, म्हणजे पर्वतीच्या पायऱ्या चढून देवदर्शनाला गेलेला माणूस जवळपास किंडर स्काउटच्या माथ्याएवढ्या उंचीवर उभा असतो. कळसूबाई १६४६ मीटर. तेव्हा मँचेस्टरला किंवा शेफिल्डला मुलाकडे-मुलीकडे सुट्टीला गेलेल्या मराठी पाहुण्यांना ‘उद्या किंडरवर जाऊ’ असे कोणी म्हटले, तर ‘हात्तिच्या, ही तर टेकडी!’ असे वाटणे स्वाभाविक आहे. बिछान्याजवळच्या खुर्चीवरचा स्वेटर उचलायचा, जीन्स आणि बूट घालायचे आणि निघायचे.

ही टेकडी चढायला अवघड नाही, हे खरेच आहे. पण तिच्याच परिसरात धडधाकट तरुण गारठून मेले आहेत, आणि तेव्हा तापमान शून्याच्या वर होते, हेही खरे आहे.

आधी वाटेविषयी. दोन्ही शहरांतून तासाभराच्या आत आगगाडीने ईडेल या लहानशा गावात उतरता येते. इथूनच ‘पेनाइन वे’ ही ब्रिटनमधली प्रसिद्ध लांब पायवाट सुरू होते. १९६५ साली ती खुली झाली आणि सुमारे ४३० किलोमीटर चालत गेले की स्कॉटलंडच्या हद्दीत संपते. सुट्टीला आलेली माणसे तिचा पहिला तुकडाच चालतात. कुरणांतून, मेंढ्यांमधून, दगडी कुंपणांच्या कडेने अपर बूथच्या वस्तीपर्यंत, मग ‘जेकब्ज लॅडर’ या दगडी पायऱ्यांच्या चढाने वर, किंडर लोच्या खांबापाशी, आणि पठाराच्या कडेकडेने वाऱ्याने घासून गुळगुळीत केलेल्या विचित्र आकारांच्या खडकांमधून ग्राइंड्सब्रुकच्या घळीने पुन्हा ईडेलला. फेरी साधारण तेरा किलोमीटरची, चढ चारशे मीटरच्या आसपास. सिंहगडाला नेहमी जाणाऱ्याला दम लागावा असे त्यात काही नाही.

फरक पडतो तो वर पोचल्यावर. खालच्या हिरव्या खोऱ्यातले सगळे मागे राहते आणि समोर येतो तो मूर: उंचावरचा उघडा, झाडे नसलेला, ओला माळ. कासचे पठार ज्यांनी पाहिले आहे त्यांना मोकळेपणाची कल्पना येईल; ऑगस्टमध्ये हेदर फुलते तेव्हा मूरही मैलोन्‌मैल जांभळा होतो. पण कासला पायाखाली जांभा खडक असतो, इथे ‘पीट’ असते. हजारो वर्षे अर्धवट कुजत साचलेल्या वनस्पतींचा हा काळा, स्पंजासारखा थर काही ठिकाणी पुरुषभर उंचीपेक्षाही खोल आहे. तो तयार होतो मुख्यतः स्फॅग्नम नावाच्या शेवाळापासून. हे शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवू शकते. पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडू लागला, तेव्हा ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांनी माळांवरून हेच शेवाळ पोत्यांनी गोळा केले आणि सैनिकांच्या जखमांवर त्याच्या पट्ट्या बांधल्या गेल्या. जखमेचा स्राव ते कापसापेक्षा चांगला शोषून घेई. चालणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा आहे: पाऊस नसतानाही घोट्यापर्यंत ओले होण्याची पूर्ण सोय.

आडोसा नाही, ही दुसरी गोष्ट. पश्चिमेकडून अटलांटिकवरचा दमट वारा थेट पठारावर येऊन आदळतो. इथे ‘किंडर डाउनफॉल’ नावाचा तीस मीटरचा धबधबा आहे. वारा जोरात असला की त्याचे पाणी खाली न पडता उलटे वर उडते. आपल्या नाणेघाटाच्या उलट्या धबधब्यापुढे उभे राहून पावसाळ्यात ज्यांनी फोटो काढले आहेत, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. नाणेघाटातला तो वारा बोचरा नसतो, कारण आपल्याकडचा पाऊस त्या मानाने कोमट. हाच वारा आणि हाच पाऊस आठ-दहा अंशांवर आणला, की किंडर स्काउट तयार होते. खालच्या गावापेक्षा वर दोन-अडीच अंशांनी थंड असते आणि जुलैतही ढग उतरला की पठारावर दहा अंश ही काही अपूर्वाई नाही.

१४ मार्च १९६४ रोजी याच डोंगराळ भागात ‘फोर इन्स’ नावाची चालण्याची स्पर्धा होती. अंतर सुमारे सत्तर किलोमीटर, स्पर्धक मुख्यतः तरुण स्काउट, तिघातिघांचे गट. २४० जण निघाले. दिवसभर पाऊस आणि सोसाट्याचा वारा. पूर्ण अंतर चालून गेले ते अवघे २२. आणि तिघे परत आलेच नाहीत. तिघेही विशीच्या आसपासचे, तब्येतीने ठणठणीत. बर्फात गाडले गेले नाहीत, कड्यावरून पडले नाहीत. भिजले, दमले आणि थंड होत गेले. या दुर्घटनेनंतर त्याच वर्षी पीक डिस्ट्रिक्टमधली बचाव पथके एका छत्राखाली संघटित झाली.

या मृत्यूंची वैद्यकीय बाजू तपासली ती डॉ. ग्रिफिथ प्यू यांनी. १९५३ मध्ये तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले त्या मोहिमेचे ते शरीरक्रियाशास्त्रज्ञ. कुणाला किती प्राणवायू लागेल, किती पाणी प्यायला हवे, याची गणिते त्यांनी मांडली होती. जगातल्या सर्वांत उंच शिखरासाठी काम केलेला हा माणूस सहाशे मीटरच्या टेकड्यांवरच्या मृत्यूंकडे तितक्याच गांभीर्याने वळला. त्यांचा अभ्यास त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे प्रयोगशाळेत त्यांनी स्वयंसेवकांना ओल्या कपड्यांत, गार वाऱ्याच्या झोतात सायकल मारायला लावून मोजमापे घेतली.

त्यातून जे हाती आले ते साधे आहे, पण डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. माणूस झपाझप चालत असतो तेव्हा त्याचे स्नायू ही एक भट्टी असते. स्वस्थ बसलेले शरीर साधारण शंभर वॅट उष्णता निर्माण करते. चढावर जोरात चालणारे त्याच्या पाचपट. त्यामुळे कपडे ओले असले, वारा असला, तरी चालता-चालता फारसे काही जाणवत नाही. पण भिजलेल्या, गारठलेल्या माणसाला तेवढ्याच वेगासाठी जास्त शक्ती खर्च करावी लागते. तो लवकर थकतो. थकला की वेग मंदावतो, वेग मंदावला की भट्टी विझू लागते, आणि उष्णता बाहेर जाण्याचा वेग मात्र तोच राहतो. गार पडलेले स्नायू आणखी अडखळतात. या चक्रात सापडल्यावर एक-दोन तासांत धट्टाकट्टा माणूस कोसळू शकतो.

ओल्या कपड्याचे गणितही असेच निष्ठुर आहे. कपडा आपल्याला ऊब देतो म्हणजे त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा देते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. धाग्यांतली हवा जाऊन तिथे पाणी आले की कपडा असून नसल्यासारखा. शिवाय वारा ते पाणी सुकवत राहतो, आणि एक लिटर पाणी सुकायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. ती उष्णता बऱ्याच अंशी अंगातूनच जाते. एक चांगले जेवण पँट वाळवण्यात खर्च झाले, असे म्हणायला हरकत नाही.

शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की वैद्यकशास्त्र त्याला ‘हायपोथर्मिया’ म्हणते. नेहमीच्या सदतीस अंशांपेक्षा फक्त दोनने कमी. सुरुवातीला जोरदार कुडकुडी भरते. ही चांगली खूण आहे. शरीर अजून लढते आहे. मग बोटे ऐकेनाशी होतात, चेन लावता येत नाही, हातातली बाटली निसटते. पाऊल वाकडे पडते. बोलणे जडावते, वाक्य अर्धवट राहते. माणूस चिडचिडा होतो किंवा एकदम गप्प बसतो. ३२ अंशांच्या आसपास कुडकुडणे थांबते, आणि इथेच सोबतचे फसतात: ‘आता बरे वाटतेय त्याला.’ बरे वाटत नसते. शरीराने हात टेकलेले असतात. २८ अंशांच्या खाली हृदयाची लय कधीही बिघडू शकते.

यात सर्वांत घातक भाग असा की थंडीचा पहिला मार मेंदूच्या विचारशक्तीवर बसतो. ज्याला त्रास होतो आहे त्यालाच तो कळत नाही. ‘मला काही झालेले नाही, तुम्ही चला पुढे’ हे वाक्य निरोगी माणूस म्हणतो आणि गारठलेलाही म्हणतो. कुटुंबाबरोबर चालताना हे ओळखणे आणखी कठीण जाते. बाबा कधीपासून मागे रेंगाळताहेत, आई विचारले तर खेकसते, यात घरच्यांना नेहमीचाच स्वभाव दिसतो. ओल्या माळावर, वाऱ्यात, एरवी बोलका असणारा माणूस अर्धा तास गप्प असेल तर त्याला थांबवून एखादा साधा प्रश्न विचारावा, अंगठा आणि करंगळी जुळवायला सांगावे. जुळत नसेल तर त्या क्षणी सहल संपली.

मग काय करायचे? खडकाच्या आडोशाला घ्यायचे. थेट जमिनीवर न बसवता पिशवीवर, दोरावर, जे असेल त्यावर बसवायचे, कारण ओली जमीन वाऱ्याइतकीच उष्णता ओढते. आडोसा नसेल तर उघड्यावर ओले कपडे उतरवण्याच्या भानगडीत पडू नये. त्यावरूनच मोठी प्लास्टिकची पिशवी किंवा वॉटरप्रूफ गुंडाळावे, त्यावर मिळेल ती ऊब, डोक्याला टोपी. शुद्ध नीट असेल आणि गिळता येत असेल तर गोड खायला आणि थर्मासमधला गोड चहा द्यावा. चहा ऊब देतो त्यापेक्षा त्यातली साखर जास्त महत्त्वाची, कारण कुडकुडणे हे स्नायूंचे कष्टाचे काम आहे आणि त्याला इंधन लागते. हातपाय चोळू नयेत. आपल्याकडचा हा पहिला उपाय इथे नडतो. त्वचेखालचे गार रक्त आत ढकलले जाते आणि गार पडलेले हृदय धक्क्यांनी बिथरते. ज्याचे कुडकुडणे थांबले आहे आणि जो पेंगतो आहे, त्याला चालवू नये, आडवे ठेवावे, शक्य तितक्या हळुवार हलवावे. फोन लागत असेल तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ मागायचे. शिट्टीचा संकेत मिनिटाला सहा वेळा. बचाव पथकात सगळे स्वयंसेवक असतात आणि ते पैसे घेत नाहीत. पुढे रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर परदेशी पाहुण्याला खर्च पडतो, म्हणून प्रवास विमा हवा.

ब्रँडीचा घोट मात्र नको. उतरल्यावर ईडेलच्या पबमध्ये काय घ्यायचे ते घ्या, वर नको. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, अंगात ऊब आल्याचा भास होतो आणि आतली उष्णता बाहेर पडते. शिवाय यकृत रक्तात साखर सोडते त्या कामात दारू अडथळा आणते. रक्तातली साखर फार खाली गेली की कुडकुडणेच बंद पडते.

नेमका हाच मुद्दा आपल्याकडून गेलेल्या पाहुण्यांना लागू होतो, दारू न पिणाऱ्यांनाही. साठीपुढच्या कितीतरी मराठी पाहुण्यांच्या औषधांच्या डब्यात ग्लिमेपिराइड असते, काहींकडे इन्सुलिन. ही औषधे घेऊन तेरा किलोमीटर चालायचे, चालताना स्नायू साखर वापरणार, आणि त्यात संकष्टी असेल तर सकाळपासून पोटात फक्त चहा. घाम, थरथर, गोंधळ, अडखळणे: साखर कमी होण्याची लक्षणे आणि गारठण्याची लक्षणे एकमेकांत अशी मिसळतात की अनुभवी डॉक्टरही ग्लुकोमीटरशिवाय सांगू शकणार नाही. उपास त्या दिवशी सोडावा, आणि मोडायचाच नसेल तर राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की दर तासाला खात राहावी. औषधाचा डोस त्या दिवशी कमी करायचा का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. वयानुसार कुडकुडण्याची ताकदही कमी होते आणि थंडी वाजल्याची जाणीवही. थायरॉइडचे काम मंदावलेल्यांची भट्टी आधीच बारीक असते. झोपेची गोळी किंवा सर्दीची गुंगी आणणारी गोळी घेतलेल्याने माळावर जाऊच नये.

हृदयाचेही तसेच. छातीत कळ येण्याच्या विकाराचे उत्तम वर्णन अठराव्या शतकात विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरांनी केले. चालताना, त्यातही चढावर, आणि जेवणानंतर लगेच ही कळ येते, उभे राहिले की थांबते, हे त्यांनी टिपून ठेवले होते. जेकब्ज लॅडरच्या पायऱ्या चढताना या सगळ्या गोष्टी एकत्र येतात आणि समोरून गार वारा असतो. थंडीने रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब वाढतो. वर्षभर घरातल्या घरात वावरलेल्या माणसाने सुट्टीच्या चौथ्या दिवशी एकदम हा चढ चढू नये. आधी आठवडाभर खालच्या खोऱ्यातल्या वाटा चालाव्यात. त्याही सुंदर आहेत. मधुमेह असलेल्याला छातीत कळ न येता नुसता दम किंवा मळमळ वाटू शकते, हे नातवंडांनाही सांगून ठेवावे, कारण आजोबांच्या शेजारून तीच चालत असतात.

कपड्यांच्या बाबतीत आपली सवय आड येते. सुती बनियन, सुती शर्ट, जीन्स हा आपला नेहमीचा पोशाख. उन्हाळ्यात याहून चांगला नाही, पण ओल्या थंडीत याहून वाईट नाही. सूत पाणी शोषून घेते आणि सोडत नाही, भिजलेली जीन्स तर मांडीला थंड पट्टीसारखी चिकटून राहते. अंगालगत पॉलिस्टर किंवा लोकर, त्यावर फ्लीस, आणि सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारे टोपीवाले जॅकेट, पायांतही वॉटरप्रूफ पँट. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब राखते. सह्याद्रीत भर पावसात मेंढरे राखणाऱ्या धनगरांना हे कुणी शिकवावे लागले नाही. त्यांच्या खांद्यावर घोंगडे असतेच. जॅकेट गार वाटायला लागल्यावर नव्हे, वारा सुरू होताच घालायचे. भिजल्यावर घातलेले जॅकेट फक्त ओल झाकते.

वेळेचा हिशेबही आधीच करावा. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ढोबळ नियम दिला: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. या हिशेबाने ईडेलची फेरी साडेतीन तासांत व्हायला हवी. पण नेस्मिथ नातवंडे घेऊन चालत नव्हता, आणि फोटोही काढत नव्हता. कुटुंबाने पाच-सहा तास धरावेत, आणि ढग उतरला तर त्याहून जास्त. पठारावर पिटाच्या काळ्या घळींचे जाळे आहे. धुक्यात एक घळ दुसरीसारखी दिसते, आणि थंडीत फोनची बॅटरी झरझर उतरते. कागदी नकाशा, होकायंत्र आणि ते वाचणारा माणूस सोबत असावा. नसेल तर हवा चांगली असलेल्या दिवसाची वाट पाहावी. जेकब्ज लॅडरच्या माथ्यावर पोचल्यावर पठार ढगात असेल तर तिथूनच मागे फिरावे. एवढे पैसे खर्चून आलो, पुन्हा कधी येणार, हा विचार तिथे सर्वांच्या मनात येतो. १९३२ च्या एप्रिलमध्ये याच डोंगरावर चालण्याच्या हक्कासाठी शेकडो कामगार जमीनदारांच्या रखवालदारांना न जुमानता चढून गेले होते आणि त्यांतल्या पाच जणांनी तुरुंगवास भोगला होता. तो हक्क आता सर्वांना आहे, उद्याही असेल.

उतरताना पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढे नेचे वाढलेले असतात. त्यांत गोचिडी असतात, आणि आसपास मेंढ्या असल्यामुळे त्यांना खाण्याची ददात नाही. गोचिडीतून येणारा माकडताप सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या लोकांना माहीत आहे. इंग्लंडमधल्या गोचिडीतून येतो तो लाइम आजार, आणि तो जंतू वेगळा. उतरल्यावर गरम पाण्याने आंघोळ करताना गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, मुलांच्या केसांच्या कडेला तिळाएवढा काळा ठिपका आहे का ते पाहावे. असल्यास चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढावे. तेल, तूप, काडेपेटी काही लावू नये. चावल्यापासून बहुधा एक ते चार आठवड्यांत तिथे लाल चट्टा उठतो आणि हळूहळू पसरतो. तो खाजत नाही, दुखतही नाही, आणि कधी मधे फिका होऊन कड्यासारखा दिसतो. वेळीच डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक दिले तर आजार बरा होतो. दुर्लक्ष झाले तर पुढे सांधे, नसा आणि क्वचित हृदयही सापडते.

तोपर्यंत सुट्टी संपलेली असते. चट्टा उठतो तो नाशकात किंवा सांगलीत, आणि आपल्याकडे असा गोल चट्टा पाहिला की पहिला विचार गजकर्णाचा येतो. मलम दिले जाते. त्यात डॉक्टरांची चूक म्हणता येणार नाही, हा आजार इथे सहसा दिसत नाही. म्हणून दवाखान्यात चट्टा दाखवताना आपण तीन आठवड्यांपूर्वी इंग्लंडमधल्या माळावर चाललो होतो हे न विचारता सांगावे.